मावशीनं पाहिलेलं जैसलमेर

प्रेक्षणीय स्थळं बघायला माझ्या बायकोच्या मावशीइतकी नालायक बाई साऱ्या मराठवाड्यात दुसरी सापडायची नाही, आणि ती बघायला तिच्याइतकी आतुर बाईही दुसरी सापडायची नाही. आम्ही कुठं निघालो आहोत याचा तिला नुसता सुगावा लागायचा अवकाश, सेलूहून फोन येतो. "जावईबापू, मी बी येते," एवढं बोलून ती फोन ठेवते. ही विनंती नसते, सूचना असते. स्टेशनावर गाडी येत असल्याची असते तशी. आजवर ती आमच्यासंगं वेरूळला आली, औंढ्याला आली, चारठाण्याची जुनी देवळं आणि बिदरचा किल्ला पाहून आली. 'पाहून आली' हे आपलं म्हणायचं. कारण मावशीच्या लेखी जगात स्थळ म्हणून काही वस्तूच नाही. जगात फक्त घरं असतात. काही घरांत माणसं असतात आणि काही घरांतली माणसं जरा बाहेर गेलेली असतात. किल्ले, लेणी, मकबरे, राजवाडे हा सगळा माल दुसऱ्या प्रकारात मोडतो.

एकदा घर म्हटलं की घराचे रिवाज आले. दारातून थेट आत घुसायचं नाही, आधी हाक मारायची. त्यामुळं बिदरच्या किल्ल्याच्या त्या हत्ती जाईल एवढ्या दरवाजात उभं राहून मावशीनं "कोन हाय का घरात?" असा आवाज दिला होता, आणि उत्तराची वाट बघून, पदर सावरून, मगच ती आत गेली होती. चपला अर्थात बाहेर. तापल्या फरशांवरून ती अनवाणी सगळा किल्ला फिरली, आणि आम्ही बूट घालून फिरतोय याची तिला आमच्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. तिसरा रिवाज, रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही. तिच्या पिशवीत भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा कायम असतात. घ्यायला कुणी नसेल तर एखाद्या कोनाड्यात मूठभर शेंगा ठेवून ती बाहेर पडते. वेरूळच्या एका लेण्यात पहारेकऱ्यानं तिला असं रंगेहाथ पकडलं. "मावशी, इथं कचरा करायचा नसतो," तो म्हणाला. "कचरा?" मावशी म्हणाली, "आरं, पावन्याकडून आल्यात म्हनून सांग." कुणाला सांगायचं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं त्या शेंगा स्वतःच सोलून खाल्ल्या आणि आणखी आहेत का म्हणून विचारलं.

फोटोचंही तेच. घराकडं पाठ करून उभं राहणं हा घराचा अपमान, असं तिचं म्हणणं. म्हणून आमच्याकडं मावशीचे जे काही फोटो आहेत त्या सगळ्यांत तिचा अंबाडा दिसतो, नऊवारीचा काष्टा दिसतो, आणि पलीकडं एखादं जगप्रसिद्ध शिल्प दिसतं.

बाकी माणूस म्हणून ती अगदी साधी. मावसा सेलूच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं पुण्याकडं. स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत ती आणि तिच्या दोन शेळ्या राहतात. तिघींचं चांगलं पटतं.

मला नोकरीत प्रवासाची सवलत मिळाली आणि आम्ही राजस्थानचा बेत केला, तेव्हा तो जैसलमेरपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. पण माझी बायको, सुनंदा, म्हणाली, एवढं लांब जायचंच तर वाळवंट बघू. मी तिकिटांचं बोलणं करत होतो तोच फोन वाजला. "जावईबापू, मी बी येते."

गाड्या बदलत बदलत, मावशीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवत आम्ही पौषातल्या एका थंड सकाळी तिथं उतरलो. ऊन नुकतं चढत होतं. तिथला दगडच पिवळा. घरं पिवळी, भिंती पिवळ्या, वर टेकडीवरचा किल्ला पिवळा. लोक त्याला सोन्याचं शहर म्हणतात. मावशीनं स्टेशनाबाहेर उभं राहून डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "नंदे, सारं गाव हळदीला बसल्यावानी दिसायलंय गं."

आम्हाला जो ड्रायव्हर मिळाला तोच आमचा गाइड होता. उंच, मिशाळ, शांत गृहस्थ. मावशीची हिंदी तिच्या लहानपणीची, निजामाच्या मुलखातल्या म्हाताऱ्यांकडून कानावर पडलेली. ती थेट आणि भरधाव चालते, आणि अडली की मराठीचा टेकू घेते. पहिल्याच दिवशी तिनं ड्रायव्हरला विचारलं, "भैया, तुमना कू भाकर मिलती क्या इधर?" त्यानं बाजरीची मिळते असं सांगितल्यावर तिचा राजस्थानविषयीचा सगळा धसका गेला.

पहिल्या संध्याकाळी त्यानं आम्हाला वाळूच्या टेकड्यांवर नेलं. वाटेत एक ओस पडलेलं गाव लागतं, ते शेवटच्या दिवशी बघू म्हणाला. सूर्य बुडायच्या आत वाळूत पोचायला हवं होतं. तिथं शेकडो माणसं सूर्य बुडण्याची वाट बघत होती. मावशीनं सूर्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ती खाली बघत होती. पाय रोवायची, उचलायची, तळवा उलटा करून बघायची. आमच्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर दोन पावलं टाकली तर चपलेला किलोभर चिखल येतो. इथं पाय स्वच्छ. "कसली माती ही," ती म्हणाली. "पायाला ओळखच देत न्हाई."

मग उंट आला. त्याच्याकडं तिनं वरपासून खालपर्यंत बराच वेळ पाहिलं. ओठ पाहिले, रवंथ पाहिलं, शेपूट पाहिलं. "जावईबापू, ही शेळीच हाय. उगं लांब केलेली." एवढं ठरल्यावर तिला कसली भीती? काष्टा नेसलेली बाई उंटावर जशी बसते तशी पंजाबी ड्रेसवालीला बसता येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. सुनंदा वर चढताना ओरडली, उतरताना ओरडली. मावशी वर बसून उंटाला जिभेनं टक्‌टक्‌ करत होती, शेळ्यांना करते तसं. उंटानं मान वळवून तिच्याकडं बघितलं, आणि ती पुढं वाकताच तिच्या पिशवीतली शेवटची दशमी कापडासकट तोंडात घेतली. उंटवाला घाबरला. मावशी म्हणाली, "खाऊ दे, दिसभर वाळूत हिंडायलंय लेकरू."

त्या रात्री हॉटेलवर जेवायच्या आधी तिनं माझ्याकडून सेलूच्या शेजारणीला फोन लावून घेतला. तिची शेळ्यांची चौकशी अशी असते, की शेजारणीनं फोन एकेका शेळीच्या कानाला लावायचा आणि मावशीनं इकडून बोलायचं. "आगं, तुजी एक थोरली बहीण भेटली बग इथं," असं ती त्या दिवशी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी हवेल्या. पाच भावांनी बांधलेल्या पाच हवेल्या शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि दगडात अशी जाळी कोरली आहे की लेस विणल्यासारखी वाटते. ड्रायव्हरनं कारागिरीबद्दल सांगायला सुरुवात केली. मावशीचं बोट एव्हाना जाळीच्या भोकातून फिरून बाहेर आलं होतं. ते तिनं त्याच्यासमोर धरलं. बोटावर धूळ होती.

"भैया, ये जाळियां पुसने कू कितनी औरतां लगती थीं?"

असला प्रश्न त्याला आजवर कुणी केला नसावा. त्यानं नोकर असतील म्हणून सांगितलं. "नोकर आडवं आडवं पुसतेत," मावशी आम्हाला म्हणाली. तिचा खरा जीव दुसरीकडंच अडकला होता. पाच भाऊ म्हणजे पाच जावा. त्यांचं आपसात बोलणं होतं की नव्हतं? ती या खिडकीतून त्या सज्जात डोकावून बघू लागली, कुठून कुणाला हाक जाते याचा अंदाज घेऊ लागली, आणि दोन नंबरच्या जावेनं तीन नंबरशी अबोला धरला होता असा निकाल तिनं केवळ एका बंद झरोक्यावरून दिला. मागं गुजरातकडच्या प्रवाशांचा एक घोळका उभा राहून हे सगळं माहिती म्हणून ऐकत होता. मग एका दालनात तिनं हुक्क्याचं उंच पितळी भांडं बघून "ताक घुसळायचं हाय" असं सांगितलं, तेही त्यांनी ऐकलं. ड्रायव्हरनं दुरुस्ती केली नाही. तोवर तोही तिला 'माताजी' सोडून 'मौसी' म्हणायला लागला होता.

गडीसर तलावावर एक देखणी कमान आहे. एका नर्तकीनं ती बांधली, राजाला ते खपेना, तर तिनं वर देवाचं देऊळ बांधून टाकलं. आता देऊळ कोण पाडणार? ही गोष्ट ऐकून मावशी एवढी खूश झाली की तिनं कमानीच्या दगडावर थाप मारली, पाठीवर मारतात तशी. "हुशार पोरगी!" म्हणाली. त्या दिवशीच्या शेंगा कमानीच्या कोनाड्यात गेल्या.

तिसऱ्या दिवशी किल्ल्यावर जे झालं ते मात्र आमच्या हिशेबात नव्हतं.

जैसलमेरच्या किल्ल्यात अजून माणसं राहतात. ओस राजवाडा आणि तोफा बघण्याची सवय असलेल्या आपल्याला तिथं वळचणीला वाळत घातलेले कपडे आणि दारात लावलेल्या मोटरसायकली दिसल्या की चुकून कुणाच्या गल्लीत शिरल्यासारखं होतं. मावशीला हे आम्ही सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं सुचलं नव्हतं. एका अरुंद बोळात, कोरीव दाराच्या एका जुन्या घरापुढं ती थांबली, चपला काढल्या आणि नेहमीच्या सवयीनं हाक दिली.

"कोन हाय का घरात?"

आतून आवाज आला, "कुण है?"

मावशी दचकली. इतक्या वर्षांत इतक्या किल्ल्यांना आणि लेण्यांना तिनं हाका मारल्या, ओ कुणी दिली नव्हती. क्षणभर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तिनं आमच्याकडं वळून 'बगा' अशा अर्थानं मान हलवली आणि सरळ आत गेली.

आत एक म्हातारी होती. मावशीहून दहा-पंधरा वर्षांनी थोरली, ओढणीखाली चेहरा सुरकुतलेला, हातात बाजरी निवडायचं सूप. परकी बाई घरात शिरली म्हणून तिला काही नवल वाटलं नाही. "आवो, बैठो," ती म्हणाली. मावशीनं शेंगा काढून सुपात ओतल्या. आम्ही दारात घुटमळत होतो, आम्हालाही बसवलं गेलं. चहा आला. त्या दिवशी आमचा राजवाडा राहिला, जैन मंदिरं राहिली, तोफ राहिली. आम्ही दुपार उलटेपर्यंत त्या सोप्यात बसून होतो. म्हातारी मारवाडीत बोलत होती, मावशी तिच्या हिंदीत. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं, आम्हाला निम्मं.

म्हातारीनं भिंतीकडं बोट दाखवलं. खालच्या बाजूला ओल चढली होती, पिवळा दगड काळवंडला होता. पूर्वी पाणी डोक्यावरून वर यायचं तेव्हा जपून वापरायचे. आता नळ आले, आणि मुरलेलं पाणी टेकडी आतून भुसभुशीत करतंय म्हणतात. शेजारपाजारची घरं खाली नव्या वस्तीत गेली. मुलं म्हणतात, आई, आपणही जाऊ. "मैं नी जाऊँ," ती म्हणाली. मग मावशीला विचारलं, "तू बता, जाऊँ?"

मावशीनं चहाची कपबशी खाली ठेवली. "हमारा गाव नदी के काठ पे था," तिनं सुरुवात केली.

ही गोष्ट आम्हाला माहीत होती, पण तिच्या तोंडून आम्ही ती कधी ऐकली नव्हती. मावशीचं माहेर, म्हणजे सुनंदाचं आजोळ, दुधनेच्या काठी होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली जायचं ठरलं, आणि वर माळावर नवं गाव वसलं. लोक घरं उकलून तुळया, दारं, खिडक्या घेऊन गेले. मावशीचा एकुलता एक भाऊ, तोही गेला. सगळं गाव निघायच्या आधी एकदा घर डोळे भरून बघावं म्हणून मावशी गेली, तर भावानं सागवानी चौकट आणि दार काढून नेलेलं.

इथपर्यंत ती हिंदीत होती. पुढं नकळत मराठीत आली, आणि म्हातारी तशीच मान हलवत राहिली.

"घराला तोंडच न्हाई वो. दात पडलेल्या मान्सावानी घर उगडं उभं. मी भावाला मनले, पान्यानं नेलं आसतं तर पान्यासंगं भांडले आसते. पानी यायच्या आंदी तू नेलंस. आता ती चौकट जिथं लावशील त्या दारात मी पाय ठेवनार न्हाई."

आणि ठेवला नाही. भाऊ दर भाऊबीजेला सेलूला येतो, ती त्याला ओवाळते, पोटभर जेवू घालते, त्याच्या मेंढरांची चौकशी करते. त्याच्याशी तिचं काही भांडण नाही. भांडण दाराशी आहे. नव्या गावातल्या त्या घरी भाचीचं लग्न झालं, भावजय गेली, तिचे दिवस झाले, मावशी मांडवात बसली, अंगणात बसली, उंबऱ्याच्या आत गेली नाही.

किल्ल्यातल्या म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. बोलणं मारवाडीत होतं, मला कळलं नाही, आणि मावशीनं मला ते आजतागायत सांगितलेलं नाही. निघताना म्हातारीनं तिच्या ओंजळीत बाजरी घातली.

शेवटच्या दिवशी ते ओस गाव, कुलधरा. शहराबाहेर उजाड माळावर दगडी घरांचे सांगाडे रांगेनं उभे आहेत. सरळ रस्ते, चौक, मधे एक देऊळ. दाराशी तिकीट घ्यावं लागतं. काही पिढ्यांपूर्वी तिथले लोक कुणा कारभाऱ्याच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत गाव सोडून गेले आणि जाताना शाप देऊन गेले, की इथं पुन्हा कुणी वसणार नाही. ड्रायव्हरनं ही गोष्ट अगदी रंगवून सांगितली. भुतांचाही उल्लेख झाला. आजूबाजूला पोरंपोरी भिंतींवर चढून फोटो काढत होती.

मावशी हाक मारील म्हणून मी थांबलो. तिनं मारली नाही. ती एका रस्त्यानं हळूहळू चालत गेली, दोन्ही बाजूंची घरं बघत. एका घरात शिरली. छप्पर नव्हतं. चुलीची जागा काळी होती, भिंतीत दिव्याची देवळी होती. तिनं खाली बसून पदरानं उंबऱ्यावरची वाळू सारायला सुरुवात केली. लांबून शिट्टी वाजली आणि गावाचा राखणदार धावत आला.

"माताजी, हाथ मत लगाइए."

"हात किधर लगाई? झाड रही हूँ," मावशी म्हणाली.

तो साठीकडे झुकलेला माणूस होता, अंगावर जुनी खाकी. भांडायच्या तयारीनं आला होता, पण मावशी उठलीच नाही म्हणून तोही शेजारच्या दगडावर टेकला. तिनं त्याला शेंगा दिल्या.

"भुतां हैं क्या इधर?"

"मैंने तो नहीं देखे, माताजी. दिन में मैं अकेला ही भूत हूँ."

मावशी हसली. मग तिनं भिंतीतल्या मोकळ्या चौकोनाकडं बोट केलं, जिथं कधीकाळी दार असावं. "इसका दरवाजा किधर है?"

"ले गए होंगे."

"कौन?"

"वही लोग. लकड़ी यहाँ मिलती कहाँ है माताजी? दरवाज़ा, चौखट, सब निकाल के ले गए होंगे. जहाँ जाके बसे, वहाँ लगाई होगी." शेंग सोलत त्यानं सहज म्हटलं, "घर तो उठाके नहीं ले जा सकते ना."

मावशी त्या मोकळ्या चौकोनाकडं बघत बसली. राखणदारानं उरलेल्या शेंगा संपवल्या आणि तो भिंतीवर चढलेल्या पोरांच्या मागं शिट्टी वाजवत गेला. सुनंदा मावशीजवळ जाऊन उभी राहिली. मावशी हात वर करून म्हणाली, "उठव गं मला. पाय वळलाय."

संध्याकाळी हॉटेलवर मी नेहमीप्रमाणं शेजारणीचा नंबर लावायला घेतला. "न्हाई," मावशी म्हणाली, "आज शेळ्या ऱ्हाऊ द्या. भावाला लावा."

मी फोन लावून दिला. ती इतक्या मोठ्यानं बोलते, आणि भाऊही इतक्या मोठ्यानं, की चोरून ऐकण्याची गरज पडली नाही.

"काय करायलास? जेवलास का?"

"जेवाया बसायलोय. तू कुठूनशी बोलायलीस?"

"लय लांबून. आरं, त्या चौकटीला तेल बील लावतोस का तशीच वाळायलीय?"

फोन कट झाला की काय म्हणून मी हात पुढं केला. तिनं तो झटकला.

"लावतो ना," भाऊ म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "दर दिवाळीला लावतो."

"करडीचं?"

"जवसाचं."

"बरं," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

अक्षयतृतीयेला ती भावाकडं आमरस खायला गेली. मला आणि सुनंदाला बरोबर नेलं. एकटीनं जायचा तिला धीर नसावा, पण तिनं कारण असं दिलं की जावयाला मामेसासऱ्याचं घर ठाऊक पाहिजे. नवं गाव माळावर आहे. सगळे रस्ते काटकोनात, सगळी घरं एका साच्याची. आधी येऊन गेलेली मावशीही तीनदा चुकीच्या अंगणात शिरली. मग एक घर दिसलं, सिमेंटचं, गुलाबी रंगाचं, आणि त्या गुलाबी भिंतीत एक ठेंगणी काळीभोर सागवानी चौकट, तेलानं चमकणारी. एखाद्या नव्या पोरीनं आजीची ठुशी घालावी तशी ती दिसत होती.

मामा आधीच दारात उभे होते. वाळकुडे, डोक्याला पटका, हातात उगाचच काठी. "आलीस?" ते म्हणाले.

"आले," मावशी म्हणाली. "दार आडवू नको."

ते बाजूला झाले. मावशीनं चौकटीच्या एका बाजूवर वरून खाली हात फिरवला. मधे एका जागी बोट थांबलं, तिथं काहीतरी खाच असावी. मग वाकून, उंबऱ्यावर पाय न देता, ती आत गेली. तिच्या मागून मी गेलो आणि माझं कपाळ वरच्या लाकडावर असं आपटलं की सगळं घर बाहेर धावत आलं. मामांच्या सुनेनं सांगितलं, की पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्यांचं आपटतं, तिचं तर अजून आपटतं. कपाळाला हळद लावून मी आमरस खाल्ला. मावशी आणि मामा जेवताना एकमेकांशी फक्त मेंढरांबद्दल बोलले. चारणीला रान उरलं नाही, म्हणून मामांनी बरीच विकली होती.

ऊन कललं तेव्हा मामा म्हणाले, "पानी खाली गेलंय औंदा. बगायला येतीस का?"

आम्ही धरणाच्या फुगवट्याकडं गेलो. पाणी लांब मागं हटलं होतं. मधल्या सगळ्या विस्तारावर गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगाळल्या जमिनीवर जुनं गाव गुडघ्याएवढं वर आलं होतं. दगडांचे ढीग, एका देवळाचं जोतं, चिंचेचा बुंधा. सेलूकडची मंडळी मोटरसायकलींवरून ते बघायला आली होती. एक नवं लग्न झालेलं जोडपं आमच्यापाशी थांबलं.

"मावशी," त्यातला मुलगा म्हणाला, "इथं काय काय बगन्यासारखं हाय?"

"आमचं घर हाय," मावशी म्हणाली आणि तिनं बोट दाखवलं.

त्याच वेळी मामांनीही काठी उचलून दाखवलं होतं. मावशीचं बोट देवळाच्या उजव्या हाताच्या ढिगाकडं होतं, मामांची काठी डाव्या.

"ते कुठलं?" मावशी म्हणाली. "तो तर सुताराचा गुरांचा वाडगा!"

"तुज्या डोळ्याला काय झालंय? चिंचंपासून हिकडं आपलीच भिंत."

"चिंच म्हागं व्हती. म्हागं!"

"तू लगीन करून गेलीस, तुला काय ठावं? मी ऱ्हायलो तिथं जिनगीभर."

"ऱ्हायलास मनूनच तुला दिसत न्हाई."

जोडप्यानं दोन्ही ढिगांचे फोटो काढले आणि ते निघून गेलं. भांडण चालूच राहिलं. मावशी तरातरा चालत तिच्या ढिगावर जाऊन बसली. मामा त्यांच्या ढिगावर जाऊन बसले. मधे अंतर एवढं होतं की बोलायचं तर ओरडावं लागे, आणि दोघंही ओरडूनच बोलत होते. आई कुठं दळायची, म्हैस कुठं बांधायची, पुराचं पाणी एकदा कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. मामा "ही बग चूल" म्हणून काठीनं दगड वाजवत, आणि मावशी तिकडून "ही बग, ही!" म्हणून दुसरा. माझ्या अंदाजानं दोघंही चुकत होते, पण माझ्या कपाळाला हळद होती आणि मला कुणी विचारलं नाही.

सूर्य पाण्याच्या काठाला टेकला तेव्हा ओरडणं कमी होत गेलं. मग नुसतं एकेक वाक्य इकडून तिकडं जाऊ लागलं. सुनंदानं गाडीतून थर्मास आणला. क्षणभर ती मधल्या भेगाळल्या गाळावर उभी राहून दोन्हीकडं बघत होती. मग तिनं कपात चहा ओतला, आणि आधी मामांच्या घरी नेऊन दिला, नंतर मावशीच्या.